रद्दी, रसिक आणि प्रत : अमेरिकन कॉमिक्स-संमेलनांतील क्रयविक्रयाचा वाङ्मयीन इतिहास

१

लेखन, मुद्रण, प्रकाशन, वितरण आणि वाचन हे साहित्यव्यवहाराचे टप्पे समीक्षेच्या परिचयाचे आहेत. एकदा विकत घेतलेल्या आणि वाचून झालेल्या प्रतीचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र सामान्यतः साहित्यविचाराच्या कक्षेबाहेर ठेवला जातो. प्रत ही संहितेची केवळ वाहक आहे, संहिता प्रतीपेक्षा वेगळी आणि टिकाऊ आहे, अशी एक धारणा त्यामागे असते. ग्रंथालये, पुनर्मुद्रणे, पाठचिकित्सा आणि विद्यापीठीय अभ्यासक्रम या संस्था संहितेचे जतन करीत असल्यामुळे ही धारणा बहुतेक वेळा निभावूनही जाते. परंतु ज्या साहित्यप्रकाराच्या वाट्याला यांपैकी एकही संस्था आलेली नाही, त्याच्या बाबतीत प्रत गेली की संहिताही जाते. अशा वेळी जुन्या प्रतींची फेरविक्री ही आनुषंगिक बाब राहत नाही. त्या प्रकाराचा इतिहास कोणी लिहायचा आणि कशाच्या आधारे लिहायचा, हे तीच ठरवू लागते.

विसाव्या शतकातील अमेरिकन कॉमिक्स हे याचे ठळक उदाहरण होय. एखाद्या हॉटेलच्या तळघरातील दालन, त्यात ओळीने मांडलेली टेबले, टेबलांवर पुठ्ठ्याच्या लांबट खोक्यांत उभे लावलेले जुने अंक आणि बोटांच्या टोकांनी एकेक अंक पुढे सारीत मान खाली घालून उभे असलेले ग्राहक, हे १९६० नंतरच्या चाहत्यांच्या संमेलनांतील नेहमीचे दृश्य. व्यासपीठावरील चर्चा आणि चित्रकारांच्या मुलाखती यांच्या बरोबरीने, किंबहुना त्यांहून अधिक, हे विक्रेत्यांचे दालनच अशा संमेलनांचे केंद्र होते. कॉमिक्सच्या अभिजाततेची पहिली कल्पना या दालनात घडली. तिची भाषा किमतीची होती. तिने काय वाचवले, काय गमावले आणि कोणाला काय दिले, याचा विचार साहित्याच्या इतिहासात व्हायला हवा.

२

कॉमिक्सचा अंक जन्मतःच रद्दी म्हणून कल्पिलेला होता. जून १९३८ ही तारीख असलेला ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक, ज्यात सुपरमॅन प्रथम अवतरला, दहा सेंटला विकला जात होता. कागद हलका, छपाई भडक, बांधणी दोन तारांची. वृत्तपत्रविक्रेत्याकडे न विकलेल्या अंकांचे मुखपृष्ठ किंवा त्याची वरची पट्टी फाडून ती परत पाठवायची आणि पैसे वळते करून घ्यायचे, अशी व्यवस्था होती. अंक परत नेण्याइतकेही मोल त्याला नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जुना कागद गोळा करण्याच्या मोहिमांत मुलांनीच आपले गठ्ठे उचलून दिले. आज त्या पहिल्या अंकाच्या सुमारे शंभर प्रती उरल्या असाव्यात असा अंदाज केला जातो.

त्यानंतर आला तो नैतिक आक्षेप. मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांचे ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ हे पुस्तक १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी बालगुन्हेगारीविषयीच्या सिनेटच्या उपसमितीपुढे कॉमिक्सची सुनावणी झाली आणि प्रकाशकांनी स्वतःवर ‘कॉमिक्स कोड’ लादून घेतला. अंकांच्या जाहीर होळ्या त्याआधीच काही गावांतून झाल्या होत्या. (वर्थम यांचे कागद २०१० मध्ये अभ्यासकांना खुले झाले. त्यांनी रुग्णांच्या कथनांत सोयीस्कर फेरफार केल्याचे कॅरल टिली यांनी २०१२ मध्ये दाखवून दिले. परंतु तोवर अर्धे शतक उलटले होते.) म्हणजे १९५५ च्या सुमारास हा साहित्यप्रकार एकाच वेळी आर्थिकदृष्ट्या टाकाऊ आणि सांस्कृतिकदृष्ट्या त्याज्य ठरलेला होता.

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ मायकेल थॉम्पसन यांनी १९७९ मध्ये ‘रबिश थिअरी’ या ग्रंथात वस्तूंच्या मूल्याविषयी एक उपयुक्त मांडणी केली. काही वस्तूंचे मूल्य काळानुसार घटत जाते, तर काहींचे वाढत जाते. पहिल्या वर्गातून दुसऱ्या वर्गात थेट प्रवेश नसतो. मध्ये शून्यमूल्याचा, म्हणजे रद्दीचा टप्पा लागतो. रद्दी झालेल्या वस्तूकडे सत्ताधारी अभिरुचीचे लक्ष नसते, आणि या दुर्लक्षामुळेच एखाद्या नव्या गटाला तिचे मूल्य नव्याने ठरविता येते. कॉमिक्सच्या बाबतीत असा गट १९६० च्या सुमारास तयार झाला. बालपणी ही पुस्तके वाचलेली आणि आता नोकरी, शिक्षण यांत स्थिरावत असलेली ती पिढी होती.

३

या पिढीचा परस्परसंपर्क प्रथम पत्रांतून आणि चक्रमुद्रित नियतकालिकांतून झाला. १९६० मध्ये डिक आणि पॅट लुपॉफ यांच्या ‘झीरो’ या नियतकालिकात जुन्या कॉमिक्सविषयी लेखमाला सुरू झाली. डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात विज्ञान शिकविणारे जेरी बेल्स यांनी १९६१ मध्ये ‘ऑल्टर-इगो’ काढले आणि त्याच वर्षी ‘कॉमिकलेक्टर’ हे केवळ खरेदी-विक्रीच्या जाहिरातींना वाहिलेले पत्रकही काढले. एकाच माणसाने एकाच वर्षी एका हाताने समीक्षेचे आणि दुसऱ्या हाताने बाजाराचे नियतकालिक सुरू करावे, हा योगायोग नव्हता. जो अंक पाहिलाच नाही त्याच्याविषयी लिहिता येत नव्हते, आणि ज्याविषयी काहीच लिहिले गेलेले नाही तो अंक मागायचा कसा, हेही कळत नव्हते.

१९६४ मध्ये डेट्रॉइट आणि न्यूयॉर्क येथे पहिले मेळावे भरले. न्यूयॉर्कचा मेळावा जुलैमध्ये, एका दिवसाचा, शंभरेक उपस्थितांचा होता. १९६८ पासून ब्रुकलिनमधील शाळेत इंग्रजी शिकविणाऱ्या फिल सूलिंग यांनी न्यूयॉर्कमध्ये दरवर्षी मोठे संमेलन भरविण्यास प्रारंभ केला. डेट्रॉइटच्या संमेलनांचा अनुभव घेतलेल्या शेल डॉर्फ यांनी सहकाऱ्यांसह १९७० च्या मार्चमध्ये सॅन डिएगोच्या यू. एस. ग्रँट हॉटेलात एका दिवसाचा मेळावा घेतला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तेथे झालेल्या तीन दिवसांच्या संमेलनास सुमारे तीनशे लोक आले. पाहुण्यांत रे ब्रॅडबरी आणि जॅक कर्बी होते.

या संमेलनांतील टेबलांभोवती जो व्यवहार होई, त्यात ज्ञानाचा वाटा पैशाहून मोठा होता. बहुसंख्य कॉमिक्सवर लेखकाचे वा चित्रकाराचे नाव नसे. कोणत्या अंकातील कोणती कथा कोणी रेखाटली, हे रेषेच्या वळणावरून, हातांच्या ठेवणीवरून, शाई भरण्याच्या पद्धतीवरून ओळखावे लागे. डिस्नेच्या नावाने निघणाऱ्या डोनाल्ड डकच्या कथांपैकी काही कथा इतरांहून सरस आहेत, एवढे वाचकांना जाणवत होते. त्या अनामिकाला ते ‘बदकांचा तो चांगला चित्रकार’ म्हणत. तो कार्ल बार्क्स आहे हे १९६० च्या सुमारास चाहत्यांनी शोधून काढले आणि दोन दशके अनामिक राहिलेल्या या कथाकाराला तेव्हा कोठे वाचकांची पहिली पत्रे मिळाली. बेल्स आणि हेम्स वेअर यांनी १९७३ ते १९७६ या काळात अमेरिकन कॉमिक्सच्या कर्त्यांचा चार भागांचा चरित्रकोश प्रसिद्ध केला. अनामिक संहितांचे कर्तृत्व शैलीच्या आधारे निश्चित करण्याचे, मध्ययुगीन साहित्याच्या संशोधकाला सुपरिचित असलेले काम येथे हौशी संग्राहकांनी केले. विशिष्ट चित्रकाराचे सर्व अंक मिळवायचे तर त्याचे नाव आधी निश्चित व्हायला हवे, ही संग्राहकाची निकड त्यामागे होती. विद्यापीठांत ‘लेखकाचा मृत्यू’ घोषित होत असण्याच्या त्याच वर्षांत विक्रेत्यांच्या दालनात लेखकाचा जन्म होत होता, हा विरोधाभास लक्षणीय आहे.

४

या विखुरलेल्या ज्ञानाला ग्रंथरूप मिळाले ते १९७० मध्ये. टेनेसी राज्यातील क्लीव्हलँड येथील रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांनी ‘द कॉमिक बुक प्राइस गाइड’ची पहिली आवृत्ती काढली. प्रकाशनांची अकारविल्हे यादी, अंकांचे क्रमांक, तारखा, ठळक नोंदी आणि पुढे अवस्थेनुसार किंमत, असे तिचे स्वरूप होते. पुढे ती दरवर्षी निघू लागली. कॉमिक्सची विस्तृत आणि सातत्याने सुधारली जाणारी सूची अशा रीतीने दरपत्रकाच्या रूपाने अवतरली. ग्रंथालयांचे लक्ष या साहित्याकडे याच सुमारास वळू लागले होते. मिशिगन स्टेट विद्यापीठाचा आज विख्यात असलेला संग्रह १९७० च्या दशकाच्या प्रारंभी आकाराला येऊ लागला. परंतु सूचीकरणाच्या कामात बाजार पुढे होता.

दरपत्रकाच्या सूचीत एक काव्यशास्त्र दडलेले आहे. कोणत्या अंकाला अधिक किंमत, याचा पहिला निकष म्हणजे पात्राचे ‘प्रथम दर्शन’. त्यामुळे कथानकाची गुणवत्ता गौण ठरते आणि अंक हा जणू जन्मनोंदणीचा दाखला होतो. अनेक वर्षे चाललेल्या मालिकेतील उत्कृष्ट कथा पन्नासाव्या अंकात असली तरी भाव पहिल्या अंकालाच. दुसरा निकष मालिकेतील क्रमांकाचा. तिसरा विशिष्ट चित्रकाराचा. चौथा, आणि कालांतराने सर्वांत प्रबळ ठरलेला, प्रतीच्या अवस्थेचा.

या अवस्थेच्या परिभाषेकडे चिन्हमीमांसेच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ‘मिंट’, ‘निअर मिंट’, ‘व्हेरी फाइन’, ‘फाइन’, ‘व्हेरी गुड’, ‘गुड’, ‘फेअर’, ‘पुअर’ अशी तिची उतरंड आहे. नित्य व्यवहारात ‘गुड’ म्हणजे चांगले. या उतरंडीत मात्र ‘गुड’ म्हणजे कोपरे झिजलेला, कण्याला भेगा पडलेला, चुरगळलेला, पण पाने पूर्ण असलेला अंक. आजच्या दहा गुणांच्या मापात त्याला दोनच गुण मिळतात. वाचनीयतेच्या दृष्टीने हा अंक पूर्णपणे ‘चांगला’ असतो, त्यातील एकही शब्द हरवलेला नसतो. त्याचा दोष एवढाच की तो वाचला गेलेला आहे. वाचनाच्या खुणा म्हणजे दोष, हे समीकरण परिभाषेतच रुजले होते.

दरपत्रकातील आणखी एक नोंद याहून उद्बोधक आहे. काही अंकांपुढे वर्थम यांच्या पुस्तकाच्या नावाची आद्याक्षरे छापलेली असतात, म्हणजे तो अंक त्या पुस्तकात निषेधार्थ उद्धृत झाला आहे. अशा नोंदीने अंकाची किंमत वाढते. ‘फँटम लेडी’च्या १७ व्या अंकाचे (एप्रिल १९४८) मुखपृष्ठ वर्थम यांनी अश्लीलतेचा नमुना म्हणून छापले होते. आज तो अंक त्या काळातील सर्वाधिक मागणी असलेल्या अंकांपैकी एक आहे, आणि त्याचे श्रेय ज्याला दिले जाते तो मॅट बेकर हा त्या काळातील मोजक्या कृष्णवर्णीय चित्रकारांपैकी एक म्हणून अभ्यासला जातो. खुद्द वर्थम यांच्या पुस्तकाच्या अनेक प्रतींतून प्रकाशकांची नावे असलेले संदर्भसूचीचे पान कापून टाकण्यात आले होते. ते पान शाबूत असलेली प्रत कॉमिक्सचे संग्राहक अधिक दाम देऊन घेतात. निषिद्ध ग्रंथांची यादी ही कालांतराने वाचनीय ग्रंथांची यादी होते, हा अनुभव साहित्याच्या इतिहासात जुना आहे. येथे तो आकड्यांत नोंदला गेला आहे.

या काव्यशास्त्राच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. प्रारंभीच्या संमेलनांतील संग्राहक बहुतांशी पुरुष होते आणि त्यांच्या बालपणीचे वाचन साहसनायकांचे होते. मुलींसाठी निघणाऱ्या प्रेमकथांच्या मालिका, ज्यांचा १९५० च्या सुमारास मोठा खप होता, दीर्घकाळ खोक्यांच्या तळाशी स्वस्तात पडून राहिल्या. ज्याला भाव नाही ते जपण्याचे कारण नाही. प्रेमकथांच्या इतिहासकाराला आज ज्या उणिवा जाणवतात, त्यांचे मूळ त्या दालनाच्या अभिरुचीत आहे.

५

१९७२ मध्ये सूलिंग यांनी प्रकाशकांशी नवा करार केला. नवे अंक परत न करण्याच्या अटीवर अधिक सवलतीने थेट घ्यायचे आणि चाहत्यांच्या दुकानांना पुरवायचे. या थेट वितरणाने संमेलनातील विक्रेत्यांना कायमची दुकाने उभारता आली. प्रकाशकाच्या दृष्टीने वाचकाचे स्वरूपही त्यामुळे पालटले. वृत्तपत्रविक्रेत्याकडे रस्त्याने जाणारा कोणीही अंक उचलीत असे; आता ग्राहक म्हणजे संग्राहक. जुन्या अंकांचा बाजार नव्या अंकांच्या निर्मितीवर प्रभाव टाकू लागला.

त्याचे परिणाम १९९० च्या दशकारंभी दिसले. १९९१ मध्ये निघालेल्या ‘एक्स-मेन’च्या पहिल्या अंकाच्या ऐंशी लाखांहून अधिक प्रती वितरित झाल्या, एकाच कथेला पाच वेगवेगळी मुखपृष्ठे होती. नोव्हेंबर १९९२ मध्ये विक्रीस आलेला ‘सुपरमॅन’चा ७५ वा अंक, ज्यात नायकाचा मृत्यू होतो, काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून विकला गेला, सोबत शोकाची दंडपट्टीही होती. पिशवी फोडली की संग्राह्यता घटणार, म्हणून एक प्रत वाचण्यासाठी आणि एक ठेवण्यासाठी, अशा दोन प्रती घेण्याचा प्रघात पडला. जेरार जनेत यांनी १९८७ मध्ये मुखपृष्ठ, शीर्षक, प्रस्तावना इत्यादींना संहितेचे उंबरठे म्हटले. उंबरठा ओलांडून आत जायचे असते. येथे उंबरठाच विक्रीची वस्तू झाला आणि आत जाणे तोट्याचे ठरले.

१९३८ चा अंक मौल्यवान झाला तो कोणी जपला नाही म्हणून. लाखो लोकांनी जपण्यासाठीच घेतलेला अंक दुर्मिळ होणे शक्य नव्हते. १९९३ नंतर बाजार कोसळला, असंख्य दुकाने बंद पडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हल कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. रद्दीच्या टप्प्यातून न जाता वस्तू थेट टिकाऊ मूल्याच्या वर्गात जाऊ शकत नाही, या थॉम्पसन यांच्या सिद्धांताची ही महागडी प्रचीती होती.

६

याच काळात जुन्या प्रतीभोवतीची यंत्रणा मात्र अधिकाधिक सूक्ष्म होत गेली. १९७७ मध्ये कोलोरॅडोतील चक रोझान्स्की या तरुण विक्रेत्याला एडगर चर्च नावाच्या व्यावसायिक चित्रकाराचा संग्रह मिळाला. चर्च यांनी आपल्या कामासाठी संदर्भ म्हणून वर्षानुवर्षे घेतलेले हे हजारो अंक कोरड्या हवेत, एकावर एक घट्ट रचलेले, जवळजवळ नव्यासारखे राहिले होते. रोझान्स्की यांनी ते दरपत्रकाहून चढ्या भावाने विकले. तेव्हापासून ‘चर्चची प्रत’ अशी स्वतंत्र ओळख निर्माण झाली. हस्तलिखिताची परंपरा सांगावी तशी मुद्रित अंकाच्या पूर्वस्वामित्वाची परंपरा सांगितली जाऊ लागली. यांत्रिक पुनरुत्पादनाने कलावस्तूचे अनन्यतेचे वलय नष्ट होते, असे वाल्टर बेन्यामिन यांनी १९३६ मध्ये म्हटले होते. लाखोंनी छापलेल्या अंकातून एक विशिष्ट प्रत वेगळी काढून तिला पुन्हा वलय प्राप्त करून देण्याचा हा खटाटोप त्या विवेचनाला एक अनपेक्षित पुरवणी जोडतो.

२००० मध्ये फ्लोरिडातील ‘सीजीसी’ ही प्रतवारी करणारी संस्था सुरू झाली. तज्ज्ञ अंकाची पाने मोजतात, दुरुस्ती झाली आहे का ते पाहतात, दहापैकी गुण देतात आणि अंक कडक पारदर्शक आवरणात कायमचा बंद करतात. आवरण फोडले की गुणांकन रद्द. दुरुस्त केलेल्या अंकावर जांभळी चिठ्ठी लागते आणि त्याचा भाव उतरतो. चित्रकलेत जीर्णोद्धार हे जतनाचे अंग मानले जाते. येथे ते व्यंग ठरते. या संस्था पुढे संमेलनांतच टेबल मांडून अंक स्वीकारू लागल्या. साक्षीदारासमोर घेतलेल्या चित्रकाराच्या स्वाक्षरीसाठी पिवळ्या चिठ्ठीची वेगळी सोय झाली.

प्रतवारीने फसवणूक कमी झाली, हे मान्य केले पाहिजे. पूर्वी अनोळखी विक्रेत्याकडून घेतलेल्या अंकात मधले पान नसणे, रंग लावून डाग झाकलेले असणे, हे प्रकार सर्रास होते. दूरच्या ग्राहकाला विश्वासाने खरेदी करता आली ती या आवरणामुळेच. परंतु त्यामुळे टेबलावरील संवादाचे स्वरूप बदलले. अंक हातात घेऊन, अलगद उघडून, कथेविषयी आणि चित्रकाराविषयी बोलत बोलत होणारी घासाघीस मागे पडली. आकडा वाचणे पुरेसे झाले. ऑगस्ट २०१४ मध्ये ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची नऊ गुणांची प्रत ३२ लाख डॉलरना आणि एप्रिल २०२४ मध्ये साडेआठ गुणांची प्रत ६० लाख डॉलरना लिलावात गेली. अशी प्रत विकत घेणाऱ्याला तिचे दुसरे पान पाहता येत नाही.

सॅन डिएगोच्या संमेलनाला आज एक लाख तीस हजारांहून अधिक लोक येतात. परंतु त्यांचे आकर्षण मुख्यतः चित्रपट आणि दूरदर्शन मालिका हे आहे. रोझान्स्की यांच्या ‘माइल हाय कॉमिक्स’ने ४४ वर्षे तेथे मांडलेले दुकान २०१७ मध्ये आवरते घेतले. ज्या दालनाने संमेलनाला जन्म दिला, ते त्याच्या एका कोपऱ्यात गेले.

७

या सर्व व्यवहारात निर्मात्याचे स्थान काय, हा प्रश्न शेवटी उरतो. जेरी सिगल आणि जो शुस्टर यांनी मार्च १९३८ मध्ये सुपरमॅनचे सर्व हक्क १३० डॉलरना विकले. न्यायालयात जाऊनही ते परत मिळाले नाहीत. १९७५ मध्ये सार्वजनिक दडपण आल्यानंतर वॉर्नर कंपनीने दोघांना प्रत्येकी वार्षिक वीस हजार डॉलर आणि श्रेयनामावलीत स्थान दिले. ज्या ४१२ डॉलरच्या धनादेशात ते १३० डॉलर समाविष्ट होते, तो कागद एप्रिल २०१२ मध्ये एक लाख साठ हजार डॉलरना विकला गेला. निर्मात्यांना नाडल्याचा पुरावाही संग्राह्य वस्तू झाला.

जॅक कर्बी यांची कथा निराळी नाही. सॅन डिएगोच्या पहिल्या संमेलनाचे ते पाहुणे होते. त्यांची मूळ चित्रे मार्व्हलने ठेवून घेतली होती. इतर चित्रकारांना ती परत देताना कर्बींपुढे मात्र १९८४ मध्ये कंपनीने चार पानांचा खास करारनामा ठेवला. दीर्घ वादानंतर १९८७ मध्ये सुमारे दोन हजार पाने परत मिळाली. त्यांनी काढलेल्या पानांच्या मानाने हा हिस्सा लहान होता. या लढ्यात चाहत्यांची नियतकालिके आणि संमेलनांची व्यासपीठे कर्बींच्या बाजूने उभी राहिली. कार्ल बार्क्स यांना निवृत्तीनंतर, १९७१ ते १९७६ या काळात, डिस्नेच्या परवानगीने आपल्याच बदकांची तैलचित्रे काढून विकता आली, तीही संग्राहकांच्या मागणीमुळेच. तेव्हा बाजाराने निर्मात्यांना काहीच दिले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याने नाव दिले, प्रतिष्ठा दिली, काहींना उतारवयात उत्पन्न दिले. जुन्या अंकाच्या फेरविक्रीतील वाटा मात्र दिला नाही. पहिल्या विक्रीबरोबर प्रतीवरील हक्क संपतो, हे तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्ये पुस्तकांच्या संदर्भातच मान्य केले होते. भारतीय स्वामित्वहक्क कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने आलेले कलम ५३-अ हे मूळ चित्र किंवा हस्तलिखित यांच्या दहा हजार रुपयांवरील फेरविक्रीत निर्मात्याला वाटा देते. पण मुद्रित प्रत त्याच्याही बाहेर आहे. मुद्रित प्रत ही कलावस्तू होऊ शकते, याची कल्पना कायद्याने केलेली नाही.

८

न्यूयॉर्कमध्ये शंभर चाहते प्रथम एकत्र आले त्याच वर्षी, मार्च १९६४ मध्ये, मुंबईत टाइम्स ऑफ इंडियाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले. ली फॉक यांचा फँटम मराठीत वेताळ होऊन आला आणि १९९० मध्ये ही मालिका बंद होईपर्यंत मराठी मुलांच्या दोन पिढ्यांनी तो वाचला. हे अंकही दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याच्या तराजूत गेले, आणि जे उरले ते पदपथावरच्या जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांतून हौशी संग्राहकांनी वेचून ठेवले म्हणून उरले. आता त्यांनाही भाव येऊ लागला आहे. भाषांतराचा, मुद्रणाचा आणि बालवाचनाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याला या अंकांकडे जावेच लागेल. त्यांची सूची कोण करणार आणि कोणत्या निकषांवर, हा प्रश्न मराठीतही उभा आहे.

अमेरिकन उदाहरण याबाबतीत दोन गोष्टी सांगते. विद्वत्संस्थांनी ज्याकडे पाठ फिरविली, ते विक्रेत्यांच्या दालनाने वाचविले. अनामिकांना नावे दिली, सूच्या केल्या, निषिद्धाला इतिहासात जागा दिली. पुढील पुनर्मुद्रणे आणि २०१० नंतर संगणकावर खुल्या झालेल्या जुन्या अंकांच्या प्रतिमा यांचा मोठा आधार संग्राहकांच्या अंकांचाच होता. परंतु जपण्याचे कारण किंमत हेच झाले की जपण्याची पद्धतही किंमतच ठरविते. जे अंक वाचून झिजले, हातोहात फिरले, त्यांच्यावरूनच बहुतेक पाने पुन्हा छापली गेली आणि अभ्यासली गेली. कडक आवरणातील अंकातून एकही नवी प्रतिमा निघत नाही, एकही शंकास्पद वाचन तपासता येत नाही. परिभाषेत ज्याला दोनच गुण मिळाले, त्या झिजलेल्या अंकाचे ऋण साहित्याच्या इतिहासकारावर अधिक आहे. मराठीतील उरलेल्या अंकांची नोंद करताना त्यांचे भाव लिहिण्यापूर्वी त्यांतील पाने उघडून वाचली जावीत, एवढी अपेक्षा या इतिहासावरून करता येते.